हॉवर्ड हॉक्सला तोंडी लावायला घेऊ नका : फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रम समित्या

सप्रेम नमस्कार.

वर्षाचा कार्यक्रम आखताना विनोदी चित्रपटाचा विचार बहुतेकदा सगळ्यात शेवटी होतो. बर्गमन, ओझू, तारकोव्हस्की यांचे रविवार आधी नक्की होतात. मग सणासुदीच्या आसपास, लोक जरा मोकळ्या मनाने येतील म्हणून, एखादी जुनी अमेरिकन कॉमेडी तोंडी लावायला घेतली जाते. आमची विनंती अशी की येत्या वर्षी अमेरिकन दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचे पाच चित्रपट ('ट्वेंटिएथ सेंच्युरी', 'ब्रिंगिंग अप बेबी', 'हिज गर्ल फ्रायडे', 'टू हॅव अँड हॅव नॉट' आणि 'द बिग स्लीप') सलग दाखवावेत आणि ते नीट दाखवावेत. 'नीट' या शब्दावर आमचा जोर आहे. हॉक्सचा विनोद वेगावर, चौकटीवर आणि आवाजाच्या पट्टीवर उभा आहे. यातली एक गोष्ट जरी बिघडली तरी प्रेक्षकांपर्यंत नुसते कथानक पोहोचते, आणि कथानकाला तर खुद्द हॉक्सच फारशी किंमत देत नसे.

हॉक्स (१८९६–१९७७) इंडियाना राज्यातल्या गोशेनचा. कॉर्नेल विद्यापीठात त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. गुन्हेगारी, विमाने, काऊबॉय, युद्ध, संगीतिका असे सगळे प्रकार त्याने हाताळले. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी त्याला आयुष्यात एकदाच नामांकन मिळाले, तेही 'सार्जंट यॉर्क' (१९४१) या युद्धवीराच्या चरित्रपटासाठी. पुढे १९७५ साली मानद ऑस्कर दिले गेले. त्याच्या एकाही विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शनाची तिथे दखल घेतली गेली नाही. विनोदाला दुय्यम समजण्याची सवय काही आपल्याकडचीच नाही, पण म्हणून ती आपण चालू ठेवावी असे थोडेच आहे?

विनोदाबद्दल हॉक्सचे मत अगदी साधे होते आणि ते पाळायला फार अवघड आहे. नटाने गमतीदार व्हायचा प्रयत्न केला की गंमत संपली. मूकपटांतले विनोदवीर कीटन, लॉइड, चॅप्लिन यांच्यापैकी कुणीही तोंडे वेडीवाकडी करत नसे. ती माणसे गंभीर होती, कधी दुःखी होती, आणि त्यांच्यावर जे ओढवत होते त्यातून हसू येत होते. 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) करताना कॅरी ग्रँटला हे लगेच उमगले. हॉक्सने त्याला हॅरल्ड लॉइडसारखा गोल चष्मा दिला आणि प्राण्यांच्या सांगाड्यांत बुडालेला, सभ्य, वेळ पाळणारा संशोधक उभा केला. कॅथरीन हेपबर्नची मात्र अडचण झाली. सुरुवातीला ती विनोद 'करत' होती, आपले वाक्य गमतीदार आहे हे तिच्या चेहऱ्यावर आधीच उमटत होते. सांगून काही फरक पडेना, तेव्हा हॉक्सने वॉल्टर कॅटलेट या रंगभूमीवर मुरलेल्या विनोदी नटाला बोलावले आणि हेपबर्नचा प्रसंग ग्रँटबरोबर तिच्यासमोर करून दाखवायला सांगितला. कॅटलेटने तो चेहऱ्यावरची रेघही न हलवता केला. हेपबर्नला जे कळायचे ते कळले आणि या माणसाला चित्रीकरणभर ठेवून घ्या असा आग्रह तिनेच धरला. चित्रपटातला पोलीस अधिकारी तो हाच.

या मताचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे त्याच चित्रपटातला रेस्टॉरंटचा प्रसंग. चित्रपटानंतर चर्चा ठेवणार असाल तर हा प्रसंग पुन्हा लावा आणि दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवा. क्रम पाहा. सुझन (हेपबर्न) बारवर ऑलिव्ह उडवून तोंडात झेलण्याची युक्ती शिकते आहे. एक ऑलिव्ह खाली पडते, डेव्हिडचा (ग्रँटचा) पाय त्या ऑलिव्हवर पडतो, तो आपटतो आणि त्याची उंच हॅट चेपते. पुढे तिच्या ओढाओढीत त्याच्या कोटाची शिवण पाठीवर उसवते. मग तो नकळत तिच्या झग्यावर पाय देतो, ती तणतणत निघते आणि झग्याचा मागचा भाग तिथेच राहतो. तिला पत्ता नाही. आपल्याला आहे, डेव्हिडला आहे. तो ती चेपलेली हॅट तिच्या मागे धरतो, आणि ती त्यालाच सभ्यतेचे धडे देते. शेवटी तिच्या लक्षात येते, तो तिच्या पाठीला चिकटून उभा राहतो आणि दोघे पायाला पाय जुळवून, कवायतीसारखे, भरलेल्या रेस्टॉरंटमधून बाहेर पडतात.

यातले प्रत्येक नुकसान आधीच्यापेक्षा एक पायरी मोठे आहे, आधी हॅट, मग कोट, मग झगा. प्रत्येक नुकसानामागे चांगला हेतू आहे. पात्रे क्षणभरही हसत नाहीत, कारण त्यांच्यासाठी ही अब्रूची गोष्ट आहे. आणि हॉक्स फाटलेल्या झग्याचा वेगळा क्लोजअप देत नाही. त्याचा कॅमेरा माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, माणसे अख्खी दिसतात, कट कमी असतात. विनोद दोन शरीरांमधल्या अंतरात आहे, म्हणून दोन्ही शरीरे एकाच चौकटीत लागतात.

इथेच प्रोजेक्टरचा मुद्दा येतो. हे चित्रपट १.३७ : १ या जवळजवळ चौकोनी चौकटीत घडले आहेत. आजचा पडदा आणि प्रोजेक्टर बहुतेकदा १६ : ९ असतो. ऑपरेटरने 'फुल स्क्रीन' लावले तर दोनपैकी एक गोष्ट होते. चित्र आडवे ताणले जाते आणि हेपबर्नसारखी सडपातळ बाई सुमारे तीस टक्के रुंद दिसते, किंवा वरखाली मिळून जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो. कापाकापीत आधी जातात ते पाय, आणि त्या कवायतीत पायच गेले तर उरले काय? दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. जमल्यास काळ्या कापडाने पडदा दोन्ही बाजूंनी झाका, म्हणजे 'चित्र अपुरे आहे' अशी तक्रार येत नाही.

'ब्रिंगिंग अप बेबी' प्रदर्शित झाला तेव्हा चालला नाही. आरकेओ कंपनीला सुमारे ३,६५,००० डॉलरचा तोटा झाला. हॉक्सने पुढे त्याचे कारण स्वतःच सांगितले आणि ते विनोद लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. त्या चित्रपटात भेटणारा प्रत्येक जण वेडा आहे. माळी, पोलीस, मानसोपचारतज्ज्ञ, मावशी, कुणीच सरळ नाही. मोजायला पट्टीच नसेल तर वेडेपणा मोजायचा कशाने? आम्हाला स्वतःला हा चित्रपट अतिशय प्रिय आहे आणि हा दोष मान्य करूनही तो प्रिय आहे. पण हॉक्सचे निदान अचूक होते याचा पुरावा त्याच्या पुढच्या कॉमेडीत सापडतो.

ती म्हणजे 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०). मूळ नाटक १९२८ सालचे, बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर यांचे. त्यात संपादक आणि वार्ताहर दोघेही पुरुष. हॉक्सने वार्ताहराची बाई केली, वर तिला संपादकाची घटस्फोटित पत्नी केले. पण आमच्या मते या चित्रपटाची खरी किल्ली तिसऱ्या पात्रात आहे. राल्फ बेलामीने केलेला ब्रूस हा ऑल्बनीचा विमा एजंट, आईला जपणारा, छत्री बाळगणारा, सावकाश बोलणारा. मोजपट्टी ती हीच. दुपारच्या जेवणाचा प्रसंग पाहा. एका टेबलावर तिघे, दोघांचे बोलणे पट्टा सुटल्यासारखे आणि मध्ये हा बिचारा प्रत्येक वाक्य पूर्ण करणारा. त्याच्यामुळे बाकीच्या दोघांचा वेग ऐकू येतो. वेगाला संथपणाची पार्श्वभूमी लागते हे वाचताना सोपे वाटते, पण आजही कितीतरी विनोदी चित्रपटांत सगळीच पात्रे एकाच पट्टीत ओरडत असतात आणि अर्ध्या तासात कान बधिर होतात.

वेगाची कृतीही हॉक्सने उघड केली आहे. भांडणारी किंवा उत्साहात असलेली माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, हे त्याने हेरले. मग संवादच असे लिहून घेतले की वाक्याची सुरुवात आणि शेवट यांत फारसे काही नसावे. नेमका शब्द मध्ये. समोरच्याने शेपूट कापले तरी अर्थ शाबूत, आपण त्याच्या शेपटावर सुरुवात केली तरी आपला अर्थ शाबूत. नटांना 'जोरात बोला, मध्ये घुसा' असे नुसते सांगून हे होत नाही. महत्त्वाचा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवून पात्रे एकमेकांवर बोलू लागली की दोन्ही वाक्ये मरतात. मराठीत तर क्रियापद शेवटी येते आणि होकार-नकारही तिथेच कळतो. त्यामुळे ही युक्ती आपल्या एकांकिकांत वापरू पाहणाऱ्यांना वाक्यरचनाच फिरवावी लागेल. 'मी उद्या तुझ्याबरोबर येणार नाही' यावर कुणी आधी घुसले तर नकारच गिळला जातो. 'नाही येणार मी उद्या, सांगून ठेवते' असे लिहिले तर शेपूट खुशाल कापा.

या चित्रपटातल्या संवादांचा वेग मिनिटाला २४० शब्दांपर्यंत जातो असे सांगितले जाते. नेहमीचे बोलणे साधारण १५० च्या आसपास असते. आता सबटायटल्सचे गणित करा. दोन ओळी, प्रत्येकी चाळीसेक अक्षरे, आणि त्या आरामात वाचायला सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत पडद्यावर चोवीस शब्द बोलून झालेले असतात, म्हणजे सव्वाशे-दीडशे अक्षरे. सबटायटल्स लिहिणाऱ्याला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गाळावाच लागतो. शिवाय प्रेक्षक वाचून हसतो, म्हणजे नटाने वाक्य बोलायच्या आधी किंवा बोलून झाल्यावर, आणि त्या हशाखाली पुढचे वाक्य बुडते. यावर पूर्ण उपाय नाही. अर्धे ओझे मात्र कमी करता येते. कोण कुणाचा कोण, फाशीची शिक्षा झालेला अर्ल विल्यम्स कोण, महापौराला ती फाशी निवडणुकीआधी का उरकायची आहे, एवढे अर्ध्या पानात मराठीत छापून दारात द्या. कथानकाचा भार उतरला की लोक वाचायचे थांबून पाहू लागतात. आणि चित्रपट संपल्यावर पहिली दहा मिनिटे पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी दिसते ते तेच आणि तरीही वेगळे असते.

प्रत निवडताना जपा. या चित्रपटाच्या अमेरिकन हक्कांचे नूतनीकरण झाले नाही, त्यामुळे त्याच्या वाटेल तशा धूसर, खरखरत्या नकला बाजारात फिरतात. खरखर असलेल्या ध्वनिपट्टीवर एकावर एक पडलेली वाक्ये म्हणजे निव्वळ गोंगाट. आधी सभागृहात मागच्या रांगेत बसून दहा मिनिटे ऐका. ध्वनी मोनो आहे, तो फक्त पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येऊ द्या. बाजूचे स्पीकर आणि 'सराउंड'ची करामत बंद. भिंतींवरून परतणारा आवाज या चित्रपटाचा शत्रू आहे.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात आणून द्यावी. या चित्रपटात मॉली नावाची बाई वार्ताहरांच्या खोलीतल्या खिडकीतून उडी टाकते. क्षणभर सगळे थबकते आणि मग पुन्हा फोन सुरू होतात. सकाळी एक माणूस फासावर जायचा आहे, आणि हा विनोदी चित्रपट आहे. हॉक्सच्या मते विनोद आणि शोकांतिका यांत फरक पाहण्याच्या कोनाचा. 'रेड रिव्हर'च्या वेळी त्याने जॉन वेनला बोट कापण्याचा एक विनोदी प्रसंग सुचवला. वेनला त्यात हसण्यासारखे काही दिसेना. हॉक्सने तो 'द बिग स्काय'मध्ये (१९५२) कर्क डग्लसकडून करून घेतला. आधी दारू पाजून बोट कापतात आणि मग तो झिंगलेला माणूस जमिनीवर आपले बोट शोधत बसतो. लोक हसले. त्यावर वेन म्हणाला की आता तुम्ही अंत्ययात्रा विनोदी आहे म्हणालात तरी मी करीन, अशी आठवण हॉक्स सांगे.

आता ताऱ्यांविषयी. 'स्टार' जन्मतो की घडवला जातो, यावर हॉक्सचे उत्तर दुहेरी होते. कॅमेऱ्याला काही माणसे आवडतात, काही आवडत नाहीत, त्यात कुणाचे काही चालत नाही, असे तो मानी. पण ज्याला कॅमेरा आवडून घेतो त्याच्या आड येणारा अभिनय काढून टाकणे हे दिग्दर्शकाचे काम. 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' (१९३४) हा त्याचा पहिला धडा. कॅरोल लोम्बार्ड चित्रीकरणाबाहेर कमालीची मोकळी, तोंडाळ, हजरजबाबी. पण नायक जॉन बॅरिमोरसमोर उभी राहिली की लाकडी. हॉक्स तिला बाजूला घेऊन गेला आणि विचारले की असे बोलणाऱ्या पुरुषाचे तू प्रत्यक्षात काय केले असतेस? लाथ घातली असती, ती म्हणाली. मग घाल की, आणि पुन्हा अभिनय केलास तर काढून टाकीन. रेल्वेच्या डब्यातल्या त्या भांडणात ती पाय झाडते ते यातून आलेले. त्या चित्रपटानंतर तिच्या कारकिर्दीला वेगळी दिशा मिळाली.

लॉरेन बकॉलची गोष्ट अधिक तपशिलाने कळलेली आहे. हॉक्सच्या पत्नीने १९४३ सालच्या 'हार्पर्स बझार' या फॅशन-मासिकाच्या मुखपृष्ठावर अठरा वर्षांची एक मॉडेल पाहिली. मुलगी आली ती उंच, नाकात बोलणाऱ्या आवाजाची. हॉक्सला हवी होती नायक हंफ्री बोगार्टपेक्षाही उद्धट वाटेल अशी स्त्री, आणि उद्धटपणा चिरक्या आवाजात केला तर त्याचे भांडण होते. त्याने तिला आवाज खाली आणायला सांगितले. ती मोकळ्या जागी जाऊन कित्येक आठवडे एक कादंबरी मोठ्याने, खालच्या पट्टीत वाचत राहिली. 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९४४) सुरू झाला तेव्हा भीतीने तिची मान थरथरत होती. ती थांबवायला तिने हनुवटी जवळजवळ छातीला टेकवली आणि नजर वर उचलली. जगभर गाजलेली ती नजर म्हणजे थरथर लपवण्याचा उपाय. शिट्टीचे प्रसिद्ध संवादही मुळात तिच्या पडदा-चाचणीसाठी हॉक्सने लिहिले होते. ते इतके जमले की पटकथेत जागा करून घालावे लागले.

या चित्रपटासाठी प्रतीचा वेग तपासणे फार गरजेचे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. पॅल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या जुन्या डीव्हीडींवर तो २५ ने धावतो. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि पट्टी दुरुस्त केलेली नसेल तर आवाज चढतो. हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन स्वरांत जेवढे अंतर, त्याच्या साधारण सत्तर टक्के. कमी वाटेल. पण आठवडेच्या आठवडे खपून खाली आणलेला आवाज यंत्राने परत वर नेणे हे बकॉलवर अन्याय करणारे आहे. डब्यावरची मिनिटे आणि प्रत्यक्ष लांबी जुळवून पाहा, एवढे पुरते.

त्यानंतर 'द बिग स्लीप' (१९४६). चित्रपट खरे तर १९४५ सालीच तयार होता आणि परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलाही गेला होता. दरम्यान बकॉलचा दुसऱ्या दिग्दर्शकाबरोबरचा एक चित्रपट पडला, तिच्यावर टीका झाली, आणि तिचा एजंट चार्ल्स फेल्डमनने स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नरला लिहिले की या चित्रपटात तिला पुन्हा तो उद्धटपणा द्या. जानेवारी १९४६ मध्ये नवे प्रसंग चित्रित झाले. घोड्यांच्या शर्यतीच्या आडून बोगार्ट आणि बकॉल भलतेच बोलतात तो प्रसंग तेव्हाचा. हॉक्स अशा संवादांना बिलियर्डच्या भाषेत 'तीन गाद्यांचे' म्हणे, चेंडू इथे-तिथे आपटून मग अर्थाला लागतो. त्याच वेळी सरकारी वकिलाच्या कचेरीत सगळे कथानक उलगडून सांगणारा प्रसंग गळला. म्हणजे गोष्ट आणखी दुर्बोध झाली आणि चित्रपट सुधारला. दोन्ही आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. १९४६ ची पूर्ण दाखवा आणि नंतर १९४५ च्या आवृत्तीतला तो कचेरीतला प्रसंग तेवढा लावा. ताऱ्याला काय लागते, या विषयावर याहून चांगले व्याख्यान आम्हाला माहीत नाही.

उलट उदाहरणही जवळ आहे. 'मॅन्स फेव्हरिट स्पोर्ट?' (१९६४) ग्रँटला डोळ्यांपुढे ठेवून योजला होता, केला रॉक हडसनने. चिकटून चालण्याची गंमत त्यातही आहे. हडसन मेहनती आणि देखणा, पण तो लाजतो तेव्हा लाजणारा नट दिसतो. पूर्ण चित्रपट दाखवण्याचा आग्रह नाही, तेवढा तुकडा मात्र 'ब्रिंगिंग अप बेबी'शेजारी ठेवून पाहावा.

माहितीपत्रके लिहिणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. हॉक्स रंगवून सांगणारा माणूस होता. वेनची ती आठवण काय किंवा लोम्बार्डची गोष्ट काय, त्याच्या तोंडून आली आहे आणि त्याच्या मुलाखतींत तीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत सापडते. तेव्हा 'हॉक्स सांगे' असे लिहावे, 'असे घडले' असे लिहू नये. पडद्यावर जे दिसते त्याला मात्र साक्षीदाराची गरज नाही.

राहता राहिले सभागृह. हशा संसर्गाने पसरतो आणि रिकाम्या खुर्च्यांमध्ये विझतो. सहाशेच्या सभागृहात दीडशे माणसे विखुरली तर प्रत्येक जण एकटा पाहतो आणि कुणी हसत नाही. बाल्कनी बंद ठेवा, मागच्या रांगांना दोरी लावा, सगळ्यांना पुढच्या मधल्या रांगांत बसवा. वातानुकूलन नसेल तर पंख्यांचा आवाज संवाद खाणार, तेव्हा हिवाळ्यातले रविवार निवडा. मध्यंतर घेऊ नका. पाचांपैकी सगळ्यात लांब 'द बिग स्लीप' ११४ मिनिटांचा आहे, 'हिज गर्ल फ्रायडे' तर अवघा ९२. आणि क्रम प्रदर्शनाच्या वर्षांप्रमाणेच ठेवा, १९३४ पासून १९४६ पर्यंत, म्हणजे वेड्यांच्या गर्दीतून ब्रूस कसा निपजला आणि लोम्बार्डच्या लाथेपासून बकॉलच्या नजरेपर्यंतची वाट कशी गेली हे लोकांना ओळीने दिसेल.

माहितीपत्रकांचे मराठी मजकूर आणि प्रतींची तपासणी ही दोन्ही कामे करायला आम्ही तयार आहोत. वर्षाचा कार्यक्रम छापायला जाण्यापूर्वी कळवावे.

आपले,
तुमच्या सभागृहातले नेहमीचे प्रेक्षक